ज्येष्ठ स्वयंसेवा अनुदाने, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संघीय शासनाकडून 55 वर्षे व त्यापुढील वयाच्या नागरिकांच्या समाजसेवेसाठी स्थानिक संस्थांना मिळणारी अनुदाने व त्यांच्या वाटपाची पद्धत. ही अनुदाने अमेरीकॉर्प्स ही संघीय संस्था देते. तिच्या ‘अमेरीकॉर्प्स सीनिअर्स’ या शाखेत मुख्यतः तीन कार्यक्रम मोडतात : फॉस्टर ग्रँडपेरंट (मानलेले आजी-आजोबा), सीनिअर कम्पॅनियन (ज्येष्ठ सोबती) आणि आरएसव्हीपी (निवृत्त व ज्येष्ठ स्वयंसेवक कार्यक्रम). शासन स्वतः स्वयंसेवक नेमत नाही. धर्मादाय संस्था, वृद्धकल्याण यंत्रणा, महाविद्यालये, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा मूलनिवासी जमातींची शासने अर्ज करतात. ज्याला अनुदान मिळते तो ‘प्रायोजक’, आणि शाळा, रुग्णालय, अन्नछत्र यांसारखी प्रत्यक्ष सेवेची जागा म्हणजे ‘सेवास्थान’.

उगम : तीनही कार्यक्रमांत जुना फॉस्टर ग्रँडपेरंट होय. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 28 ऑगस्ट 1965 रोजी त्याची घोषणा केली. गरिबीविरोधी मोहिमेसाठी स्थापन झालेल्या आर्थिक संधी कार्यालयाचा पैसा आणि आरोग्य खात्यातील वृद्धकल्याण प्रशासनाची देखरेख अशी त्याची मांडणी होती. तुटपुंज्या उत्पन्नावर जगणाऱ्या वृद्धांना चार पैसे मिळावेत आणि संस्थांत वाढणाऱ्या मुलांना मायेचे माणूस मिळावे, हे दोन हेतू त्यात प्रथमपासून एकत्र आहेत. त्यामुळे ही योजना रोजगाराची की सेवेची, हा प्रश्नही प्रथमपासून तिच्यासोबत चालत आला आहे.

आरएसव्हीपीच्या आरंभाविषयी मात्र एकवाक्यता नाही. न्यूयॉर्कच्या कम्युनिटी सर्व्हिस सोसायटीने स्टेटन आयलंडवर ‘सर्व्ह’ नावाचा प्रयोग केला. त्यातील वृद्ध स्वयंसेवक विलोब्रुक येथील, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या सरकारी संस्थेत जात. हा प्रयोग 1966 च्या किंवा 1967 च्या सुमाराचा धरतात. आखणी आणि प्रत्यक्ष काम यांपैकी कशाला आरंभ मानायचे, यावर ते अवलंबून आहे. काहीजण येथूनच आरएसव्हीपीचा इतिहास सुरू करतात. दुसरे मत 1969 हे वर्ष मानते, कारण त्या वर्षी वृद्ध नागरिक कायद्यात दुरुस्ती होऊन कार्यक्रमाला कायदेशीर आधार मिळाला. तिसरे मत, पैसा उपलब्ध होऊन प्रकल्प उभे राहिले ते 1971 हे वर्ष घेते. कार्यक्रमाचे वय मोजताना 1971 धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र एका बेटावरच्या संस्थेने आधी करून दाखवले नसते तर कायद्यात ते कलम येणे अवघड होते, हेही नोंदवले पाहिजे. 1971 मध्येच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रशासनाने ‘ॲक्शन’ ही स्वयंसेवेची संघीय संस्था स्थापून फॉस्टर ग्रँडपेरंट व आरएसव्हीपी हे दोन्ही कार्यक्रम तिच्याकडे दिले. 1973 च्या देशांतर्गत स्वयंसेवा कायद्याने सीनिअर कम्पॅनियनची भर घातली. 1993 च्या कायद्याने ‘ॲक्शन’ राष्ट्रीय व सामुदायिक सेवा महामंडळात, म्हणजे आजच्या अमेरीकॉर्प्समध्ये, विलीन झाली. अमेरीकॉर्प्स सीनिअर्स हे नाव 2020 चे.

मानधन व गणित : फॉस्टर ग्रँडपेरंट व सीनिअर कम्पॅनियन यांत उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत असलेल्या स्वयंसेवकाला ताशी रक्कम मिळते. मराठीतील ‘मानधन’ हा शब्द येथे नेमका बसतो. ती वेतन नाही, तिच्यावर कर नाही आणि इतर सरकारी मदत ठरवताना ती उत्पन्नात धरत नाहीत. 2009 नंतर बरीच वर्षे हा दर 3 डॉलरच्या वर गेला नाही. 2023 पासून तो 4 डॉलर झाला.

अनुदानाचे एकक ‘स्वयंसेवक सेवावर्ष’ हे असून ते 1,044 तासांचे, म्हणजे आठवड्याला सुमारे 20 तासांचे असते. ताशी 4 डॉलरप्रमाणे एका सेवावर्षाचे नुसते मानधन 4,176 डॉलर होते. 3 डॉलरच्या दराने ते 3,132 होते. प्रवासखर्च, विमा आणि प्रकल्पप्रमुखाचा पगार यांचा खर्च वेगळा. दर वाढला आणि मंजूर रक्कम तेवढीच राहिली, तर सेवावर्षे कमी करावी लागतात. मानधन वाढल्याची बातमी एका आजीला दिलासा देते आणि प्रतीक्षायादीतल्या दुसरीची जागा घालवू शकते. ही गोष्ट अंदाजपत्रकाच्या तक्त्यात सहज दिसत नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात मुलाशेजारी छोट्या खुर्चीवर बसून, ओळीखाली बोट सरकवत वाचून घेणारी आजी पुढच्या वर्षी आली नाही की दिसते.

आरएसव्हीपीत मानधन नाही. प्रवासखर्च व पूरक विमा एवढेच मिळते. त्यामुळे कमी पैशांत जास्त स्वयंसेवक बसतात.

स्पर्धा : पूर्वी एकदा प्रायोजक झालेली संस्था बहुधा नूतनीकरण करत पुढे चाले, काही ठिकाणी दशकानुदशके. एप्रिल 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी सही केलेल्या एडवर्ड केनेडी सर्व्ह अमेरिका कायद्याने आरएसव्हीपीपुरते हे बदलले. आर्थिक वर्ष 2013 पासून ही अनुदाने स्पर्धेने द्यावयाची ठरली. अनुदान तीन वर्षांचे. काम समाधानकारक असल्यास आणखी तीन वर्षे वाढवता येते, त्यानंतर क्षेत्र पुन्हा खुले होते. क्षेत्रे भौगोलिक असून बहुधा काउंटीनुसार (जिल्ह्यासारख्या विभागानुसार) आखलेली असतात. त्याच कायद्याने मानधनाच्या दोन कार्यक्रमांची वयोमर्यादा 60 वरून 55 वर आणली, पण नूतनीकरणाची त्यांची जुनी रीत बऱ्याच अंशी तशीच ठेवली. तेथे स्पर्धा येते ती मुख्यतः एखादा प्रायोजक सोडून गेल्यावर किंवा नवा पैसा आल्यावर.

अर्जात किती स्वयंसेवक, कोणत्या प्रश्नावर आणि बदल कसा मोजणार, हे ठरावीक निकषांत लिहावे लागते. घरपोच जेवण मिळणाऱ्या एकाकी वृद्धाच्या बाबतीत जेवणांची संख्या पुरत नाही. त्याला सोबत वाटू लागली का, हे विचारून नोंदवावे लागते. शिवाय संघीय पैशाच्या जोडीला स्थानिक हिस्सा दाखवावा लागतो : आरएसव्हीपीत पहिल्या वर्षी 10, दुसऱ्या वर्षी 20 आणि पुढे 30 टक्के, इतर दोन कार्यक्रमांत 10 टक्के. अर्जलेखनासाठी वेगळा माणूस ठेवू शकणाऱ्या मोठ्या संस्थेला येथे स्पष्ट फायदा होतो. विरळ वस्तीच्या काउंटीत हा हिस्सा उभा करणारी संस्थाच मिळणे कठीण, आणि तेथे स्पर्धा नावापुरतीच उरते.

स्पर्धेच्या समर्थकांचे म्हणणे असे की सार्वजनिक पैशावर कुणाचा वंशपरंपरागत हक्क नसावा आणि नव्या संस्थांना दार उघडे हवे. विरोधक सांगतात की स्वयंसेवक योजनेकडे पाहून येत नाहीत, ओळखीच्या समन्वयकाच्या फोनवर येतात. दुसऱ्या मतात तथ्य अधिक दिसते, आणि कायदा करणाऱ्यांनाही ते जाणवले असावे : स्पर्धेमुळे स्वयंसेवकांच्या कामात कमीत कमी खंड पडावा, असे कायद्यातच म्हटले आहे. तरीही प्रायोजक बदलला की नव्या संस्थेला प्रत्येक सेवास्थानाशी नवा सामंजस्य करार करावा लागतो. पंधरा वर्षे दर मंगळवारी त्याच अन्नछत्रात डबे भरणाऱ्या माणसाला आपले नाव पुन्हा नव्याने नोंदवावे लागते.