दिल्लीचं राजकारण सांगणारा टीव्ही पत्रकार मुंबईत कसा घडला

राजदीप सरदेसाईंना आपण दिल्लीच्या राजकारणावर बोलताना बघतो, पण त्यांची सुरुवात आपल्या मुंबईतली आणि तीही पेपरातली. वडील दिलीप सरदेसाई, १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात ६४२ रन काढणारे. मुलगा ऑक्सफर्डला शिकून आला आणि १९८८ ला टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई ऑफिसात लागला, पुढे तिथेच सिटी एडिटर झाला.

तेव्हा टीव्हीवर पॉलिटिकल रिपोर्टर अशी नोकरी जवळपास नव्हतीच हो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, संध्याकाळी प्रदीप भिडेंचा आवाज आला की आमच्याकडे सगळे गप्प, पण ते बातम्या वाचायचे, आणि मंत्र्याला रस्त्यात गाठून प्रश्न विचारणं सरकारी टीव्हीवर कुठून दिसणार! बाहेरच्यांना मिळायचा तो दूरदर्शनवरचाच स्लॉट, आज तकसुद्धा १९९५ ला तिथेच मेट्रो चॅनेलवर छोटंसं बुलेटिन म्हणून आलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. आणि केस कशावरून तर क्रिकेटच्या मॅचेस कोण दाखवणार यावरून! माझ्या मते टीव्ही पत्रकाराचं करिअर खरं तिथून मोकळं झालं. राजदीप १९९४ लाच एनडीटीव्हीत गेले होते. १९९८ ला स्टार न्यूज आलं, त्याच्या बातम्या एनडीटीव्ही करायची, मग २००२ ची गुजरात दंगल राजदीपनी रस्त्यावर उभं राहून दाखवली. २००५ ला सीएनएन-आयबीएन काढलं, २०१४ ला ते सोडून इंडिया टुडेकडे गेले.

मला यात सगळ्यात मोलाची वाटतात ती मुंबईतली पेपरची सहा वर्षं. शहराची बीट, म्हणजे शहरातल्या बातम्यांची नेमून दिलेली जबाबदारी, केलेल्या माणसाला महापालिका, पोलीस ठाणं, मोर्चा असं सगळं पायाखालून जातं, ते स्टुडिओत बसून येत नाही, आता बऱ्याच पोरांच्या हातात पहिल्याच दिवशी चॅनेलचा माईक देतात त्याचं वाईट वाटतं.

२००७ ला स्टार माझा (आताचं एबीपी माझा) आणि झी २४ तास आले आणि ही वाट मराठीतही तयार झाली. २३ नोव्हेंबर २०१९ आठवा, सकाळी सकाळी राजभवनावर फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी, दुपारी यशवंतराव चव्हाण सेंटरला शरद पवार आणि उद्धव ठाकरेंची पत्रकार परिषद, पुढचे तीन-चार दिवस देशाचं राजकारण मुंबईभोवती फिरत होतं आणि ते सांगायला आपले मुंबईचे रिपोर्टर उभे होते.