बाजीरावाला पेशवाई देणारे शाहू कोल्हापूरचे नव्हेत

थोरल्या बाजीरावाची गोष्ट निघाली की सोबत फेटा बांधलेले, भरघोस मिशांचे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज चिकटवलेले दिसतात. आरक्षण देणारे आणि बाजीरावाला पेशवाई देणारे शाहू एकच, असा समज त्यातून पसरतो. तो चूक आहे.

बाजीरावाला १७२० मध्ये पेशवेपद दिले ते साताऱ्याच्या छत्रपती शाहूंनी. संभाजीराजे आणि येसूबाईंचे हे पुत्र मोगलांच्या कैदेत वाढले, १७०७ मध्ये सुटले आणि १७४९ मध्ये वारले. राजर्षी शाहूंचा जन्म १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या त्या यांनी, १९०२ मध्ये. तोवर पेशवाई बुडून ८४ वर्षे झाली होती!

गंमत म्हणजे कोल्हापूरची गादी साताऱ्याच्या शाहूंशी झालेल्या भाऊबंदकीतूनच उभी राहिली. त्यांच्या चुलती ताराबाईंनी त्यांचा गादीवरचा हक्क नाकारला होता. दोन राज्यांची हद्द ठरली ती १७३१ च्या वारणेच्या तहात. साताऱ्यालाही पुढे दुसरे शाहू झाले, १८०८ पर्यंत. म्हणून नावासोबत गादी आणि साल पाहावे.