शिसवी म्हणजे शीशम नव्हे, गिटारवाल्यांनो

"काका, रोजवुडची फळी मिळाली, एकदम स्वस्तात!" दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या गिटार बनवायच्या खोलीत येतं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाकूड टेबलावर ठेवतं. स्वस्तात म्हटलं की मी गुंडाळी सोडायच्या आधीच सांगतो, शीशम आहे. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: "तेच ना काका? हिंदीत शीशम, मराठीत शिसवी, इंग्रजीत रोजवुड."

ते तेच नव्हे. हा गोंधळ खास आपल्या इंदुरी मराठी घरांतला आहे. घरात आजीच्या तोंडी शिसवी पाट, शिसवी देव्हारा; वखारीत पाऊल टाकलं की "भैया, शीशम दिखाओ". दोन्ही भाषा येतात म्हणून आपण एका शब्दावर दुसरा चिकटवून मोकळे होतो. पण शब्द दोन आहेत, कारण झाडं दोन आहेत.

शिसवी तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तिचं वर्णन लांबवत नाही. जड, काळसर, जांभळट झाक, गडद रेषा. पाट पायावर पडला असेल तर वजनही सांगायला नको. शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. सह्याद्री, निलगिरी आणि आपल्या जवळच्या सातपुड्यातसुद्धा हे झाड आहे. गिटारच्या जगात 'इंडियन रोजवुड' म्हणतात ते हेच. शीशम म्हणजे डालबर्जिया सिसू. ते हिमालयाच्या पायथ्याचं, नदीकाठच्या वाळूतलं झाड. उत्तरेत रस्त्याकडेला, कालव्याकाठी लावलेलं दिसतं. लाकूड सोनेरी तपकिरी. शीशमाची पर्णिका (एका देठावरच्या छोट्या पानांपैकी एक) टोकाला निमुळती, शिसवीची गोलसर बोथट. झाड उभं असेल तर एवढं पुरे. (रोजवुडचा गुलाबाच्या झाडाशी काही संबंध नाही, ताज्या कापलेल्या लाकडाला गोडसर वास येतो म्हणून ते नाव. हा प्रश्न कृपया पुन्हा विचारू नका.)

दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही कठीण आणि दोन्ही टिकाऊ. मग गिटारला एक महाग आणि दुसरं स्वस्त का? इथेच सगळे घसरतात. त्यांना वाटतं फरक आवाजात आहे. मग शीशमावर टिचकी मारून मला ऐकवतात, "बघा काका, कसं घंटेसारखं वाजतंय!" वाजतंय, मान्य आहे. शीशमाच्या खोडाचा तबला काय कमी वाजतो? पण तबल्याचं खोड हा पोखरलेला गोल ठोकळा असतो. गिटारची पाठ म्हणजे पापडासारखी पातळ, रुंद फळी. लाकूड तेच असलं तरी मागणी पूर्ण वेगळी आहे.

हिशोब करू. ड्रेडनॉट नावाच्या मोठ्या आकाराच्या गिटारची पाठ सगळ्यात रुंद जागी साधारण 40 सेंटिमीटर असते. ती दोन फळ्या मधोमध जोडून करतात, म्हणजे एकेक फळी किमान 20 सेंटिमीटर रुंद हवी. जाडी अखेर तीन मिलिमीटरच्या आत-बाहेर राहते. इतकी पातळ फळी कशीही कापून चालत नाही. ओंडका कलिंगडाच्या फोडीसारखा, गाभ्यापासून सालीच्या दिशेने कापावा लागतो, म्हणजे वर्षवलयं फळीत उभी राहतात. उभ्या वलयांची फळी आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या झळीत आणि ऑगस्टच्या दमट हवेत कमी हलते. आडवी कापलेली फळी बाकते, पीळ धरते, मधला सांधा सोडते.

आता ही 20 सेंटिमीटर फळी कुठून येणार? ओंडक्याच्या त्रिज्येतून. मधला गाभ्याचा ठिसूळ भाग सोडा, सालीलगतचं पांढरं लाकूड सोडा, वाळल्यावर आकसतं ते आणि करवतीत जातं ते धरा. म्हणजे ओंडका निदान अर्धा मीटर जाड हवा, घेर दीड मीटरच्या वर, आणि तोही सरळ, गाठी नसलेला. शिसवी सावकाश वाढते, इतक्या जाडीला यायला तिला पिढ्या लागतात. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेली जुनी झाडं हा मोठा आधार आहे, पण ती काही दरवर्षी नवी उगवत नाहीत. जंगलातली तोड सरकारी परवानगीखाली आणि भारतातून शिसवीचे ओंडके बाहेर पाठवायला मनाई. किंमत चढते ती या रुंद, सरळ, उभ्या वलयांच्या फळीची. किलोच्या भावात नेणार असाल तर शिसवी अजूनही सापडते.

आणि शीशम? ते लवकर वाढतं, पण रस्त्याकडेचं झाड बहुधा वाकडं, फांद्यांनी भरलेलं. सरळ खोड आखूड, गाठी फार. शिवाय उत्तरेत गेली काही दशकं उभी झाडं वाळून जाण्याचा रोग आहे, जुनी जाड झाडं त्यातही गेली. म्हणून शीशमाची खुर्ची स्वस्तात मिळते, शीशमाची नीट कापलेली रुंद पाठ शोधूनही मिळत नाही. जी मिळते ती आडवी कापलेली असते. मी स्वतः फसलोय. एका वखारवाल्याने रोजवुड म्हणून दिलेली जोडी मी हौसेने लावली आणि पहिल्याच पावसाळ्यात पाठ खवल्यासारखी फुगली. लाकूड शीशम होतं याचा राग कमी, आडवं कापलेलं मला दिसलं नाही याचा जास्त.

दुसरा घोळ 'बंदी'चा, तो पटकन उरकतो. ब्राझीलचं रोजवुड, डालबर्जिया नायग्रा, 1992 पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, त्याचा व्यापार जवळजवळ बंद. 2 जानेवारी 2017 पासून डालबर्जियाच्या उरलेल्या सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. त्यात शिसवी आणि शीशम दोन्ही आली आणि 'दोन्ही एकच' म्हणणाऱ्यांना आणखी जोर आला. पण दुसरं परिशिष्ट म्हणजे बंदी नव्हे, सरहद्द ओलांडताना कागदपत्रं लागतात एवढंच. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग यांना त्यातूनही सूट आहे. शीशमाच्या वस्तूंसाठी 2022 मध्ये पनामाच्या बैठकीत नगामागे 10 किलोपर्यंत मोकळीक स्पष्ट झाली, ती मुख्यतः आपल्या हस्तकला निर्यातदारांच्या तक्रारीवरून. तेव्हा "रोजवुडवर बंदी आली म्हणून गिटार महाग" हे वाक्य माझ्यासमोर म्हणू नका.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, पॉलिश काहीही करतं. आतल्या बाजूला एक कोपरा घासून ताजं लाकूड उघडा आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस फिरवा. शिसवी असेल तर कापसावर जांभळा रंग उतरतो. गिटारच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत हाच रंग शिरून आमचं काम बिघडवतो. कापूस तपकिरीवर थांबला तर मी शीशम समजतो.

मागच्या महिन्यात एक मुलगा फळी घेऊन नाही, फोटो घेऊन आला. आजीचा पलंग, नागपूरहून इंदूरला आलेला. "काका, याची गिटार होईल?" मी त्याच्या घरी जाऊन पायाच्या आतल्या बाजूला कापूस फिरवला. गडद जांभळा. पलंगावर बसलेल्या आजी माझ्याकडे संशयाने बघत होत्या. मग टेप लावली: डोक्याकडची बाजू अरुंद पट्ट्या जोडून केलेली, एकही पट्टी 12 सेंटिमीटरच्या वर नाही. दोन फळ्यांची पाठ होणार नाही, म्हणालो. चार पट्ट्यांची होईल. अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार कंपनीने 1965 साली डी-35 ही गिटार काढली तीच तीन तुकड्यांची पाठ घेऊन, कारण ब्राझिलियन रोजवुडच्या रुंद फळ्या तेव्हाच मिळेनाशा झाल्या होत्या. पुढे 1969 मध्ये ती मंडळी नेहमीच्या गिटारांसाठी आपल्या शिसवीकडे वळली.

"म्हणजे होईल ना?" मुलगा म्हणाला.

"गिटार होईल रे," आजी म्हणाल्या, "पण मी झोपू कुठे?"

फिंगरबोर्डला, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा बोटांनी दाबतात त्या पट्टीला, सहा-सात सेंटिमीटर रुंदी पुरते. पलंगाखालची एक आडवी पट्टी सैल झालेली होती, ती घेऊन आलो. तिच्या जागी शीशमाची बसवून दिली आहे.