आराखड्यावरची हरकत आणि परवानगीवरचं अपील: गल्लत कुठे होते?

महापालिकेच्या नगररचना विभागाने बांधकाम परवानगी नाकारली की पहिला फोन जातो नगरसेवकाला. ‘हा विषय महासभेत घ्या, ठराव करून आम्हाला परवानगी मिळवून द्या,’ अशी गळ घातली जाते. नगरसेवक भला असेल तर आयुक्तांना पत्र देतो आणि त्या पत्राच्या उत्तराची वाट बघण्यात मुदत निघून जाते. याच्या उलटही घडतं. शहराचा नवा विकास आराखडा, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, प्रसिद्ध होतो, आपल्या जागेवर बगिच्याचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडलेलं दिसतं, आणि घरातली जाणती माणसं सांगतात, ‘आत्ता घाई नको, मंजूर झाल्यावर अपील करू.’ दोन्ही ठिकाणी नुकसान होतं ते हरकत आणि अपील यांची सरमिसळ झाल्यामुळे.

दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये. म्हणूनच गोंधळ वाढतो. पण हरकत असते ती संपूर्ण शहराच्या आराखड्यावर, निर्णय पक्का होण्याआधी. अपील असतं एका विशिष्ट अर्जावरच्या आदेशाविरुद्ध, निर्णय झाल्यानंतर. कोणी करायचं, कोणाकडे करायचं आणि काय मागायचं, हे तिन्ही त्यावरून बदलतं.

आधी हरकत. प्रारूप, म्हणजे कच्चा, विकास आराखडा तयार झाला की कलम २६ प्रमाणे त्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि तिथपासून ३० दिवसांत हरकती-सूचना देता येतात. ही मुदत फार तोकडी आहे, असं माझं ठाम मत आहे. शेकडो पानांचा अहवाल आणि डझनावारी नकाशे सामान्य माणसाने महिन्याभरात समजून घ्यायचे, हे अवघडच. पण या टप्प्याचं मोठेपण असं की हरकत कोणीही घेऊ शकतं. त्यासाठी सात-बारावर नाव लागत नाही. भाडेकरू घेऊ शकतो, समोरच्या इमारतीत राहणारी बाई घेऊ शकते, मैदान वाचवू पाहणारी एखादी संस्थाही घेऊ शकते. कलम २८ प्रमाणे नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले तज्ज्ञ असतात. हरकत घेणाऱ्याला या समितीपुढे म्हणणं मांडायची संधी मिळते. समितीचा अहवाल मग महापालिकेकडे जातो, ती आराखड्यात बदल करू शकते आणि शेवटी राज्य शासन मंजुरी देतं. म्हणजे महासभेचा शब्द चालतो तो इथे, आराखड्याच्या टप्प्यावर. निवडून आलेलं सभागृह नसेल तर हेच अधिकार प्रशासक वापरतो.

हरकतींनी काय होतं, असा निराश सूर नेहमी ऐकू येतो. मुंबईचं उदाहरण ताजं आहे. २०१५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात इतक्या चुका निघाल्या आणि लोक असे उठले की त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करायला लावला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि मंजूर आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. हे सगळं आराखडा प्रारूप अवस्थेत होता तोवरच शक्य झालं.

हरकत लिहिताना राग कमी आणि तपशील जास्त असावा. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, नकाशाच्या संबंधित भागाची प्रत, प्रत्यक्ष जागेवर आज काय आहे आणि नेमका कोणता बदल हवा, एवढं तरी हवंच. एकाच मजकुराच्या हजार छापील अर्जांनी लोकभावना कळते, त्यांची ती किंमत आहेच. पण समितीला मोजमापासह लिहिलेला एक अर्ज दुरुस्तीला जास्त उपयोगी पडतो. आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता अपील. तुम्ही कलम ४४ खाली परवानगी मागता, महापालिका कलम ४५ खाली आदेश देते. तो आदेश नकाराचा असेल, किंवा परवानगी देताना घातलेल्या अटी तुम्हाला मान्य नसतील, तर कलम ४७ प्रमाणे अपील करता येतं. अटींविरुद्धही अपील होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. लोक जाचक अट मुकाट्याने स्वीकारतात, कारण ‘परवानगी मिळाली’ यातच समाधान मानतात. आदेश तुम्हाला कळवल्याच्या तारखेपासून ४० दिवस मिळतात. अपील जातं राज्य शासनाकडे, किंवा शासनाने त्यासाठी नेमलेल्या, उपसचिवाहून खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडे. महासभेचा इथे काडीचाही संबंध नाही. सभागृहाने एकमताने ठराव केला तरी कलम ४५ चा नकार त्याने पुसला जात नाही.

या ४० दिवसांत लोक आयुक्तांना विनंतीपत्रं लिहीत राहतात. विनंती जरूर करा, पण तिने अपिलाची मुदत थांबत नाही. दुसरी गफलत त्रुटीपत्राची. कागद अपुरे आहेत, नकाशात दुरुस्ती करा, असं सांगणारं पत्र म्हणजे नकार नव्हे. त्याची पूर्तता करायची असते, त्यावर अपील होत नाही. नकार ऑनलाइन आला असेल तर तो मिळाल्याची तारीख दिसेल अशी प्रत लगेच काढून ठेवा.

खरी गाठ बसते ती पुढच्या प्रसंगात. समजा, परवानगी नाकारण्याचं कारणच असं आहे की तुमच्या जागेवर शाळेचं आरक्षण आहे. तुम्ही कलम ४७ चं अपील करता आणि त्यात लिहिता की हे आरक्षण अन्यायकारक आहे, शेजारी आधीच दोन शाळा आहेत. म्हणणं शंभर टक्के खरं असेल. तरीही अपील ऐकणाऱ्यापुढचा प्रश्न एवढाच असतो की मंजूर आराखडा आणि विकास नियंत्रण नियमावली पाहता नकार योग्य होता का. आरक्षण कायम आहे तोवर उत्तर तुमच्या विरुद्धच येणार. तुमचं भांडण आदेशाशी नसून आराखड्याशी आहे आणि त्याची जागा प्रारूपाच्या वेळच्या त्या ३० दिवसांत होती.

ती वेळ गेली असेल तरी वाटा उरतात, पण त्या लांबच्या आहेत. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल होऊ शकतो. त्यासाठी महापालिकेला प्रस्ताव करावा लागतो, पुन्हा हरकती मागवल्या जातात आणि शासनाची मंजुरी लागते. महासभेपुढे नगरसेवकाने विषय न्यायचा तो हा. दुसरी वाट कलम १२७ ची. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा घ्या नाहीतर सोडा’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ही मुदत २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिन्यांची झाली, जुन्या पुस्तकांत कमी दिसेल.

याउलट नकाराचं कारण सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), इमारतीची उंची, रस्त्याची रुंदी किंवा चटई क्षेत्राच्या (एकूण बांधकाम क्षेत्राच्या) हिशेबाचं असेल, तर अपिलात खरोखर दम असतो. इथे वाद नियम कसा लावला याचा आहे. मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिचा नेमका नियम, आर्किटेक्टचा मोजमापाचा नकाशा आणि नकारातलं प्रत्येक कारण समोरासमोर ठेवून उत्तर लिहा. नकाराला कारणंच दिली नसतील तर तोही मुद्दा भक्कम आहे.

एक उणीव मात्र मला कायम खटकते. कलम ४७ चं अपील फक्त अर्जदाराला आहे. शेजारच्या प्लॉटवर नियम मोडून परवानगी मिळाली, तुमचा उजेड-वारा गेला, तरी तुम्हाला या कलमाखाली दाद मागता येत नाही. आराखड्याच्या टप्प्यावर ज्या शेजाऱ्याला कायदा आवर्जून बोलावतो, त्यालाच परवानगीच्या टप्प्यावर बाहेर उभं करतो. मोकळ्या जागा वाचवायच्या तर हे बदलायलाच हवं.

तोपर्यंत शेजाऱ्याने करायचं ते असं. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा आणि परवानगीची प्रत मागावी, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. नियमभंग दिसला तर परवानगी रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा कलम ५१ चा अधिकार वापरावा, अशी लेखी मागणी महापालिकेकडे करावी. अर्जात खोटी माहिती दिली असेल, तर मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठी १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातलं कलम २५८ आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम १४९ मुळे दिवाणी दाव्याचा रस्ता बहुतांशी बंद असल्याने त्यापुढे राहते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका. तिथे पहिला प्रश्न येतो तो ‘तुम्ही कधी आणि कोणाकडे तक्रार केली’ हा. म्हणून पाया खणला जात असतानाच अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.