मासा ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही?

"माशांना वेदना होतच नाहीत, त्यामुळे ते खाण्यात हिंसा नाही" हे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय, आणि मासा ओरडत नाही म्हटल्यावर कुणालाही ते पटेलच. पण आवाज हा पुरावा नाही. आता नुसती तडफड रिफ्लेक्सही, म्हणजे शरीराची आपोआप होणारी हालचालही, असू शकते, म्हणून खरी तपासणी अशी की वेदनाशामक दिल्यावर वागणं बदलतं का ते बघायचं. 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी रेनबो ट्राउट या माशांवर हेच केलं, ओठात सौम्य ॲसिड टोचल्यावर मासे ओठ खड्यांवर घासत राहिले, खाणं टाळलं, आणि मॉर्फिन दिल्यावर ते घासणं खूप कमी झालं! मला तो घासणारा ओठ डोळ्यासमोरून जात नाही. त्या अनुभवाची खोली किती यावर वाद आहे, पण इजा ओळखणाऱ्या नसा माशात सापडल्यात. खायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, फक्त "त्याला कळतच नाही" हे कारण धरून नको.