मोठा कप आणि जास्त कॉफी

"मावशी, मोठीच घे ना. तीसच रुपये जास्त आणि कॉफी डबल!"

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हिशेबाला चोख आहे, मित्रांची पार्टी वाटून घेताना चार आणेसुद्धा सोडत नाही. पण कॉफीच्या काउंटरवर उभा राहिला की हे वाक्य ठरलेलं. त्याला तरी का बोल लावू? ऑफिसातले सगळे हेच म्हणतात, आणि मोठा कप घेऊन वर "यांची कॉफी पांचटच असते" हेही तेच म्हणतात. दोन्ही वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

कपाच्या मापांवर वेळ घालवत नाही, ती सगळ्यांना पाठ आहेत. स्टारबक्सवाल्यांनी काही नावं इटालियन ठेवली म्हणून बिचकायचं कारण नाही: टॉल 12 औंस म्हणजे 354 मिली, ग्रांदे 473, व्हेंटी 591. व्हेंटी म्हणजे इटालियनमध्ये वीस, वीस औंसांचा कप म्हणून व्हेंटी. बाकीच्या साखळ्यांत स्मॉल, मीडियम, लार्ज. संपलं.

घोळ आहे तो शॉटचा.

आपण चहावर वाढलेली माणसं. टपरीवर चहा एका पातेल्यात उकळतो आणि तिथूनच कटिंगही भरतं नि फुलही. फुलात कटिंगच्या दुप्पट चहा असतो आणि चवीला तो तसाच लागतो, कारण पातेलं एकच. त्यामुळे माप मोठं म्हणजे माल जास्त, हे गणित आपल्या हाडात बसलंय. लाटे किंवा कॅपुचिनो मात्र पातेल्यातून येत नाही, ती प्रत्येक कपासाठी वेगळी जुळवली जाते. सात ते नऊ ग्रॅम बारीक पूड, तिच्यातून दाबाखाली पंचवीस-तीस सेकंद गेलेलं गरम पाणी, आणि हाती येतो साधारण 30 मिली एस्प्रेसो. हा एक शॉट. तुमच्या कपातली कॉफी एवढीच. उरलेली सगळी जागा दुधाची. कप वाढला की दूध वाढतंच. शॉट वाढतो की नाही हे त्या दुकानाच्या पाककृतीवर.

एकदा गर्दी कमी होती म्हणून मी काउंटरच्या कडेला उभी राहून बघत होते. कुठलं कॅफे ते सोडा. दोन ऑर्डरी लागल्या होत्या, एक लहान लाटे आणि एक मधली. मुलाने मशिनचा दांडा लावला, खाली दोन तोट्या, दोन्ही तोट्यांखाली एकेक चिमुकला ग्लास. धार सुरू झाली, आधी काळपट, मग मधासारखी, मग फिकट. त्याने एक ग्लास लहान कपात उपडा केला, दुसरा मधल्या कपात. मग स्टीलच्या भांड्यातून दूध: लहान कपात लवकर थांबला, मधल्यात ओततच राहिला. दोन्हीवर सुंदर पान काढलं. मधला कप माझा होता. पस्तीस रुपये जास्त मोजून मी दूध विकत घेतलं होतं, आणि दूध आमच्या फ्रिजमध्ये आहे.

आता आकड्यांत बघा. स्टारबक्सच्या अमेरिकेतल्या प्रमाणाप्रमाणे गरम लाटेच्या टॉलमध्ये एक शॉट, ग्रांदेमध्ये दोन, आणि व्हेंटीमध्ये? तेही दोनच. कॅफिन त्यांच्याच आकड्यांनुसार 75, 150 आणि 150 मिलिग्रॅम. म्हणजे टॉलवरून ग्रांदेवर उडी मारलीत तर कॉफी खरंच दुप्पट होते, इथे माझा भाचा बरोबर ठरतो. पण ग्रांदेवरून व्हेंटीवर गेलात तर वाढतं ते फक्त दूध. ग्रांदेच्या कपात एस्प्रेसो साधारण आठवा हिस्सा, व्हेंटीत दहावा. सगळ्यांत महाग कप मधल्यापेक्षा पांचट! आणि गंमत म्हणजे हाच नियम थंडला लागू नाही: बर्फाचा व्हेंटी ग्लास 24 औंसांचा असतो आणि त्यात तीन शॉट पडतात. अमेरिकानोला, म्हणजे एस्प्रेसोत दुधाऐवजी गरम पाणी घातलेल्या कॉफीला, तर प्रत्येक पायरीवर एक शॉट वाढतो, दोन, तीन, चार. एकाच दुकानात, एकाच मेनूवर, पेय बदललं की पायऱ्या बदलतात.

म्हणून पाठ काहीच करू नका. ऑर्डर देताना एवढंच विचारा: "लहानात शॉट किती आणि मोठ्यात किती?" काउंटरवरच्या मुलांना हे तोंडपाठ असतं आणि विचारलं तर ती खूश होतात, निदान "भैया, बेस्ट क्या है" ऐकण्यापेक्षा नक्कीच. उत्तर "दोन्हीत एकच" असेल तर लहान घ्या. "लहानात एक, मोठ्यात दोन" असेल आणि तुम्हाला तरतरी हवी असेल, तर मोठा कप आणि लहान कप अधिक एक्स्ट्रा शॉट यांची बेरीज करून बघा. समजा मोठ्याचे तीस जास्त आणि शॉटचे पन्नास, तर मोठाच स्वस्त. दूध जास्त झालं तर कप थोडा रिकामा ठेवायला सांगा. आपल्याकडची स्वतः बिया भाजणारी बरीच नवी कॅफे डबल शॉटच घालतात, अगदी लहान कपातही. तिथे मोठा कप मागणं म्हणजे निव्वळ दुधाचा रतीब. तिथे मी फ्लॅट व्हाइट किंवा कोर्ताडो घेते: तेच दोन शॉट, दूध कमी, आणि किंमत बहुधा मोठ्या लाटेपेक्षा कमीच. कप बघून भाचा हसतो. हसू दे.

ज्यांना दूधच हवंय, कॉफीचा नुसता वास पुरतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांनी खुशाल बादलीभर घ्यावी.

पातेल्यातून येणारी कॉफीही असते बरं का, आणि तिथे टपरीचं गणित चालतं. ड्रिप मशिनमधली काळी कॉफी किंवा कोल्ड ब्रू आधीच तयार करून ठेवलेली असते. कोल्ड ब्रूची पूड तर थंड पाण्यात बारा-पंधरा तास भिजलेली असते. तिचा मोठा कप म्हणजे खरोखर जास्त कॉफी. अर्थात अर्धा ग्लास बर्फाने भरला नसेल तर. आइस्ड लाटेत "बर्फ कमी" सांगून लोक स्वतःला हुशार समजतात. त्याने शॉट वाढत नाही, फार तर दूध वाढतं. कोल्ड ब्रूमध्ये मात्र बर्फ कमी केल्यावर जागा कॉफीनेच भरत असतील तर सांगण्यात राम आहे.

आणि "जरा स्ट्राँग करा" हे म्हणणं बंद करा, निदान एस्प्रेसो मशिनसमोर. घरी आपण चमचाभर पावडर जास्त घालतो, टपरीवाला पत्ती वाढवतो, माटुंग्याच्या उडपी हॉटेलात सांगितलं तर डिकॉक्शन जास्त आणि दूध कमी घालून देतात. तिथे त्या शब्दाला अर्थ आहे. मशिनवर शॉट मोजून पडतात, एक, दोन, तीन असे. तुम्ही "स्ट्राँग" म्हणालात की समोरचा मुलगा एकतर एक्स्ट्रा शॉट लावून पैसे घेतो, नाहीतर मान डोलावतो आणि नेहमीचीच देतो. डार्क रोस्ट, म्हणजे जास्त भाजलेल्या बियांची कॉफी, मागूनही हे साधत नाही; तिथे वाढतो तो कडवटपणा.

लाटे आणि कॅपुचिनो यांत स्वस्त काय, असं विचारणाऱ्यांना: शॉट बहुतेक ठिकाणी सारखेच, कॅपुचिनोत फेस जास्त. यावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहायची माझी तयारी नाही.

बिलाचंही थोडक्यात. मेनूवर 300 लिहिलं असेल तर पुष्कळ ठिकाणी 5 टक्के जीएसटी धरून 315 द्यावे लागतात, त्याला इलाज नाही. खाली "सर्व्हिस चार्ज" अशी वेगळी ओळ असेल तर तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढायला सांगा. आवाज चढवायची गरज नसते.

परवा भाच्याबरोबर गेले होते. त्याने मेनूकडे न बघता विचारलं, "दादा, मीडियममध्ये शॉट किती?" "दोन." "आणि लार्जमध्ये?" तो मुलगा किंचित थांबला, हसला आणि म्हणाला, "दोनच." भाच्याने मीडियम घेतली. वाचलेल्या पैशांत पाच रुपये घालून त्याने कुकी घेतली, तीसुद्धा माझ्याच कार्डावर.