टिंब वर की खाली : संगीताच्या पेपरातल्या गोंधळामागचा इतिहास

नागपुरात संगीताच्या शास्त्राचा पेपर लिहिणाऱ्यांचे गुण पुष्कळदा रागाच्या माहितीत जात नाहीत, टिंबात जातात. स्वर कागदावर लिहिण्याच्या दोन पद्धती चालतात. 'सा'च्या डोक्यावर टिंब दिलं की भातखंडे पद्धतीत तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज होतो. पलुस्कर पद्धतीत मात्र तेच टिंब मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाचं. म्हणजे एका टिंबात दोन सप्तकांचा फरक! 'म'वरच्या उभ्या रेघेचंही तसंच. भातखंड्यांकडे तो तीव्र, म्हणजे चढा मध्यम, पलुस्करांकडे तार सप्तकातला मध्यम. क्लासमध्ये एक पद्धत आणि कॉलेजात दुसरी शिकलेल्या मुलाच्या वहीत दोन्ही खुणा शेजारीशेजारी नांदतात, आणि यमनची बंदिश उतरवताना घोटाळा होतो.

या दोन पद्धती आल्या दोन विष्णूंकडून. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्या एकदोघांऐवजी वर्गात बसलेल्या मुलांना शिकवायचं, तर बंदिश कागदावर यायला हवी होती. त्यांचं स्वरलेखन या गरजेतून आलं. १९३१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची पायरी त्या मंडळाची. नागपुरात ही परंपरा शंकरराव सप्र्यांच्या श्रीराम संगीत विद्यालयातून रुजली. सप्रे पलुस्करांचे शिष्य आणि वसंतराव देशपांड्यांचे पहिल्या काळातले गुरू. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे तेच हे वसंतराव.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. त्यांना शाळेपेक्षा आधी शास्त्र नीट लावायचं होतं. राग-रागिणीच्या जुन्या कुटुंबकल्पनेतून प्रत्यक्ष गाण्यातल्या रागांची उकल होत नव्हती. त्यांनी बिलावलचे स्वर शुद्ध धरले आणि राग दहा थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या दहा मूळ चौकटींत, बसवले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मोठा ग्रंथ मूळ मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं तो हाथरसला छापलेल्या हिंदी अनुवादातून वाचतात, हा भाग वेगळा! १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. नागपूरकरांनी इथे आपलं मॉरिस कॉलेज आठवू नये. ते १८८५ चं, आणि नावातला साहेबही निराळा.

भातखंडे परंपरा विद्यापीठाच्या रूपात विदर्भाच्या शेजारी आली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. दीक्षाभूमीमुळे ही तारीख नागपुरात कुणाला सांगावी लागत नाही. त्याच दिवशी खैरागढच्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. राजघराण्याने दिवंगत कन्येच्या नावाने वाडाच देऊन टाकला होता. खैरागढ तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. पंधरवडा उलटला, १ नोव्हेंबरला राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे विद्यापीठ पलीकडे राहिलं. भातखंड्यांचे शिष्य श्री. ना. रातंजनकर तिथे कुलगुरू झाले.

दहा थाटांच्या चौकटीला मर्यादा आहेत, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. कल्याण थाटाची खूण तीव्र मध्यम. भूप रागात मध्यम नाहीच, मग तो कल्याण थाटात का? स्वर मोजून उत्तर सापडत नाही, कारण देशकाराचे स्वरही तेच आणि तो बिलावल थाटात. उत्तर चलनात, म्हणजे रागातल्या स्वरांच्या चालीत आहे. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, तो पूर्वांगात म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात खेळतो, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकाराचा वादी धैवत, उत्तरांग म्हणजे वरचा अर्धा प्रबळ, वेळ सकाळची.

एका थाटातून ४८४ राग कसे, हा दुसरा हमखास प्रश्न. षड्ज सोडता येत नाही, म्हणून उरलेल्या सहा स्वरांतून निवड. सगळे स्वर घेतलेला संपूर्ण आरोह (चढता क्रम) १, एक स्वर गाळून षाडव ६, दोन गाळून औडव १५, एकूण २२. अवरोहाचेही (उतरता क्रम) २२. बावीस गुणिले बावीस. पाठांतरावर विसंबणारे इथे बेरीज करून ४४ लिहितात.

पदवीच्या बाबतीत एक गफलत जुनी आहे. विशारद हे मंडळाचं प्रमाणपत्र, विद्यापीठाची पदवी नव्हे. ते पदवीला समकक्ष मानायचं की नाही हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर ठरतं. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम. ए. संगीत, खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के, आणि नेट किंवा सेट ही नेहमीची वाट. प्रवेशाआधी नियमावली वाचलेली बरी, कारण विशारदाच्या भरवशावर बी. ए. टाळलेल्याची अडचण एम. ए.च्या खिडकीवरच कळते.

तालाच्या खुणांत तर नुसत्या अक्षरानेही घात होतो. सोळा मात्रांच्या त्रितालात भातखंडे पद्धतीने समेला (पहिल्या मात्रेला) ×, मग २, खालीला (जिथे टाळी नसते) ०, मग ३. पलुस्कर पद्धतीने १, ५, + आणि १३, त्यातली + ही नवव्या मात्रेवरची खाली. घाईत × जरा सरळ पडला की तो + दिसतो, आणि तपासणाऱ्याला सम खालीवर गेलेली दिसते. उत्तराच्या माथ्यावर पद्धतीचं नाव लिहिलेलं असेल तरच त्याला संशयाचा फायदा देता येतो.